हूगो ब्लुमबाखचा गोंडा

“पात्याकडे काय बघत बसतेस, पोरी? पातं जगाला दाखवायला केलेलं असतं. मुठीकडे बघ. मूठ एकट्या मालकाची.”

एवाल्ड मामाचा हा आवाज मी परकर-वयात ऐकला, तो अजून कानात आहे. थोडा खरखरीत, थोडा हसरा, दातांत दोन रिव्हेट धरून बोलावं तसा. मामा खरोखरच दातांत रिव्हेट धरून बोलायचा. झोलिंगन हे जर्मनीतलं चाकू-सुऱ्यांचं गाव, तिथे आमच्या घरामागे त्याची खोलीभर कार्यशाळा होती. पातं कुणी घडवायचं, कुणी सहाणेवर घासायचं, कुणी त्यावर आम्लाने नक्षी उठवायची, आणि सगळ्यांचे हात फिरून झाले की ते मामाच्या पुढ्यात यायचं. मामा मुठी बसवायचा. जुने खंजीरही दुरुस्तीला त्याच्याकडेच येत. त्यातला एखादा तो माझ्या मांडीवर ठेवायचा आणि विचारायचा, सांग, ह्याचा धनी उजवा की डावखुरा? रागीट की शांत? मी मुठीवरून अंगठा फिरवायची. जिथे काळी मूठ झिजून गुळगुळीत झालेली असे, तिथे तो माणूस मला भेटायचा.

माझा छंद तिथूनच सुरू झाला. मी बंबवाल्यांचे मानाचे खंजीर जमवते. सैन्याचे नाही, शिकारीचे नाही. बंबवाल्यांचे. आगीत हा खंजीर कुणी नेत नाही. आगीत न्यायची ती कुऱ्हाड, शिडी, पाण्याची नळी. खंजीर कमरेला लागतो मिरवणुकीत, सोबत्याच्या लग्नात आणि सोबत्याच्या शवपेटीमागे चालताना. कुणाला भोसकण्यासाठी तो कधीच केलेला नव्हता. लोखंडाच्या जातीत इतकं निरागस लोखंड मी दुसरं पाहिलेलं नाही.

छंद बायकांचा नाही, असं मला फार जणांनी ऐकवलं. कोलोनच्या जुन्या हत्यारांच्या जत्रेत एका जाड्या विक्रेत्याने मला सांगितलं की बाईसाहेब, भाजीच्या सुऱ्या पलीकडच्या रांगेत आहेत. मी त्याच्या टेबलावरचा सगळ्यात मिरवणारा खंजीर उचलला, म्यानातून अर्धा काढला, परत घातला, आणि त्याला म्हटलं, लग्न छान लावलंत हो, पण नवरा एका गावचा आणि नवरी दुसऱ्या. म्यान दुसऱ्याच पात्याचं होतं. आत जाताना ते कण्हत होतं. आजूबाजूचे हसले. तोही हसला, आणि पुढच्या जत्रेपासून माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवू लागला. मला माझं काम येतं. हे सांगताना मी कधी लाजले नाही, आताही लाजत नाही.

लग्न होऊन मी एशेनहामरला आले. डोंगराच्या कुशीत गाव, काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेली घरं, हिरव्या झडपा, आणि ओढ्याच्या काठी लोखंड ठोकायचे मोठे हातोडे. आता ते हातोडे थांबलेत. पूर्वी म्हणे त्यांच्या आवाजाने टेबलावरची बशी सरकायची. गावाचं बंबवाल्यांचं दल स्वयंसेवकांचं. दल उभं राहिलं तेव्हा झोलिंगनला एकाच वेळी सात खंजीर करवून घेतले होते. सातही सारखे: पाठीला करवतीचे दात, पात्यावर शिरस्त्राण आणि दोन कुऱ्हाडी, आडव्या दांडीवर एक ते सात असे आकडे, आणि दांडीला लाल-पांढऱ्या रेशमाचा गोंडा. बाप गेला की खंजीर लेकाकडे, असे ते घरोघर फिरले.

त्यातले सहा माझ्याकडे जमले होते. काही लोकांनी आपण होऊन दिले, काहींसाठी मी त्यांचे उंबरे झिजवले. पहिला मात्र घरचाच, माझ्या सासऱ्यांचा, आल्विन यांचा. सातवा टेक्ला ब्लुमबाखकडे होता आणि ती तो देत नव्हती.

टेक्ला, सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं, गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. लग्न केलं नाही. गावातल्या अर्ध्या माणसांना तिने लहानपणी डाळीचं सूप पाजलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना पाजून ओरडलीही होती, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फार बोलत नसे. मी दर वर्षी वसंतात तिच्याकडे जायची. ती तीन पायांची कथलाची कॉफीदाणी टेबलावर आणायची, तिची तोटी सतत ठिबकायची, आणि मी मनुकांचा पाव खात खात विषय काढायची.

“सात आहेत म्हणून सातही तुलाच हवेत का गं?” ती म्हणायची. “माझे दातही सातच उरलेत. तेही घेऊन जा.”

मी म्हणायची, दात तुमचे तुम्हीच ठेवा, मावशी, मला जुनं आणि धड असलेलंच चालतं. ती हसायची. खंजीर मात्र कपाटातच राहायचा. तिने तो मला कधी दाखवलासुद्धा नव्हता.

दलाला शंभर वर्षं झाली त्या वर्षी दलप्रमुख नॉर्बर्टने ठरवलं की बंबवाल्यांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत फ्लोरियानच्या दिवशी सातही खंजीर सभागृहात एका ओळीत मांडायचे आणि त्या त्या घराचं नाव वाचायचं. नॉर्बर्ट गावचा प्लंबर. पाण्याचं सगळं त्याच्याकडे, असं तो स्वतःच सांगतो. सहा खंजीर आणि एक रिकामी जागा अशी ओळ दिसली तर लोक आमच्याकडेच बघून हसतील, असं त्याने मला बजावलं. मी पुन्हा टेक्ला मावशीकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोळवत होते. पण बोलायची वेळच आली नाही. खंजीर टेबलावर काढून ठेवलेला होता, जुन्या पंच्यात गुंडाळून.

मी आता चौऱ्याहत्तरची आहे, ती म्हणाली. माझ्यामागे कोण आहे? उद्या मी गेले की हा भंगारवाल्याकडे जायचा. मग ओळीत तरी बसू दे त्याला.

मग तिने एकच गोष्ट सांगितली. “घेऊन जा. पण जसा आहे तसा ठेव.”

मला वाटलं, ती घासू नकोस म्हणतेय. आमच्या छंदातला पहिला नियमच तो. जुन्या खंजिराला चमक आणली की त्याचं वय जातं. मी हात जोडल्यासारखं करून सांगितलं, मावशी, तेलाचा थेंबसुद्धा तुम्हाला विचारून लावीन. कॉफीदाणी ठिबकत राहिली.

घरी येऊन मी पंचा उलगडला आणि मूठ दिव्याजवळ धरली. इतका राबलेला खंजीर मी पाहिला नव्हता. मिरवणुकीचा खंजीर एवढा कसा झिजतो? मुठीच्या डाव्या अंगाला अंगठ्याएवढा खळगा पडला होता, वाहत्या पाण्याने दगडाला पडावा तसा. हा माणूस उभा राहिला की त्याचा अंगठा तिथेच जात असणार, वर्षानुवर्षं. पातं मात्र नव्यासारखं. म्यानाची शिवण धड. फक्त गोंडा नव्हता. आडव्या दांडीवर गोंड्याच्या दोरीची बारीक खूण होती, पण तिच्यावरही काळाचा तोच मळकट थर चढला होता. म्हणजे गोंडा फार पूर्वीच गेलेला. खूण मी बरोबर वाचली. अर्थ चुकीचा लावला. मला वाटलं, हरवला.

आता आमच्यातली दुसरी गोष्ट सांगते. घासणं पाप, पण जोडणं पुण्य. हरवलेला तुकडा त्याच काळाचा, त्याच विणीचा मिळाला आणि तो बसवला, तर आम्ही जमवणारे छाती पुढे काढून हिंडतो. माझ्याकडे तसा गोंडा होता. बारमेनच्या एका फीत विणणाऱ्याच्या विधवेकडून तो मी कधीचा घेऊन ठेवला होता, लाल-पांढरा, रेशमी, टोकाला ओकच्या फळासारखा गोळा. इतर सहांच्या गोंड्यांशी ताडून पाहिला तर सख्खा भाऊच निघाला. मामाने शिकवलेली गाठ मी बांधली, दोरी दोनदा दांडीवरून आणि एकदा स्वतःच्याच पोटातून. खंजीर उचलून धरला तर वाटलं, आता हा माणूस मिरवणुकीला निघाला.

उत्सवाच्या आदल्या दुपारी सभागृहात हिरवं कापड अंथरून मी ओळ मांडली. सात खंजीर, सात गोंडे. नॉर्बर्ट शिडीवर चढून माळा लावत होता. तो वरूनच म्हणाला की हाइड्रून, तुला दलात घ्यायला हवं होतं, आमच्या गणवेशांची इस्त्री तरी झाली असती. मी त्याला सांगितलं, माझ्या हातात आता सात खंजीर आहेत, तेव्हा जीभ आवर.

तेवढ्यात ओटमार आले. ओटमार दलाचे जुने प्रमुख, नव्वदीला टेकलेले, काठी टेकत रोज सभागृहात येऊन बंबाच्या चाकाला हात लावून जाणारे. मला ते नेहमी ‘आल्विनची सूनबाई’ म्हणायचे. ते ओळीवरून चालत गेले. एकेका खंजिराला मान तुकवत. सातव्याशी थांबले. काठीचं टोक गोंड्याकडे गेलं.

“हा कुणी बांधला?”

मी अभिमानाने म्हटलं, मी. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, गुडघे चोळले. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

दलाची जुनी रीत अशी होती. आगीचा हॉर्न वाजला आणि एखादा बंबवाला आला नाही, तर पुढच्या संत फ्लोरियानला सगळ्यांसमोर दलप्रमुख त्याच्या खंजिराचा गोंडा काढून घ्यायचा. शिक्षा एवढीच. खंजीर त्याचाच, जागा त्याचीच, काम चालूच. गोंडा परत मिळायचा, पण त्यासाठी त्याने सभेत उभं राहून न येण्याचं कारण सांगायचं. कारण बरं असो, वाईट असो, नुसतं खरं असलं की पुरे. कारण सांग, गोंडा घे, असं प्रमुख म्हणायचा. लोक सांगायचे. एकाची गाय अडली होती, एकाचं बायकोशी भांडण झालं होतं, एकजण कबूल झाला की बाहेर थंडी होती. हसून लोक टाळ्या वाजवायचे आणि गोंडा परत बांधायचे. महायुद्धानंतर ती रीत हळूहळू मोडली.

टेक्लाच्या बापाने, हूगो ब्लुमबाखने, कारण सांगितलं नाही. बेकरीला आग लागली त्या रात्री तो आला नाही. बंबाच्या हातपंपाच्या दांडीवर एक माणूस कमी पडला. दांडी एका बाजूला ओढली गेली, आणि दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या पोराची दोन बोटं तिच्याखाली चिरडली.

तो पोरगा म्हणजे माझे सासरे आल्विन. त्यांच्या हाताला तीन बोटं होती हे मला माहीत होतं. जेवताना ते काटा कसा धरायचे ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, ब्लुमबाख घोरत होता ना. आणि हसायचे. मी त्या हसण्याच्या खाली कधी पाहिलं नव्हतं.

दर संत फ्लोरियानला हूगोला विचारलं जायचं. तो म्हणायचा, मी झोपलो होतो. एवढंच. सगळ्यांना वाटलं की तो पिऊन पडला होता आणि ते सांगायची लाज वाटते. त्यानंतर त्याने एक विचित्र गोष्ट सुरू केली. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून तिचं टोक खिडकीबाहेर सोडलं आणि हॉर्नवाल्याला सांगून ठेवलं की हॉर्न वाजवत जाताना ओढ. मग तो एकाही आगीला चुकला नाही. पण ती दोरी गावाने पाहिली, आणि गावाला तेवढं पुरे असतं. पोरांनी गाणं रचलं. ओटमार हळू आवाजात म्हणाले,

हूगो हूगो, झोपलास का?
बेकरी जळली, उठलास का?
अंगठ्याला दोरी, दोरीला गाठ,
ओढा रे ओढा, झाली पहाट.

“ते गाणं टेक्लाच्या मागे मागे म्हणत पोरं शाळेतून घरी यायची,” ते म्हणाले. “मी तेव्हा बाप्या झालो होतो, तरी म्हणायचो.”

शिडीवरून नॉर्बर्ट खाली उतरला होता. त्याचं म्हणणं पडलं की आता शंभरावं वर्ष आहे, कोण हूगो, कुठली बेकरी, राहू दे तो गोंडा, छान दिसतोय. ओटमार म्हणाले, छान दिसतोय हे खरं. पण तो आम्ही काढला होता, आणि आल्विनची सून बांधतेय. कारणाशिवाय गोंडा बांधला, तर त्या माणसाने गप्प राहून जे काही सांभाळलं, ते आपण त्याच्या हातून हिसकावून घेतल्यासारखं होईल.

मला वाद घालता आला असता. मी घातला नाही. ‘जसा आहे तसा ठेव’ हे मी ऐकलं होतं आणि मला हवं तसं वाकवलं होतं. चूक माझी, तर दुरुस्तीही माझ्याच हातची. मी खंजीर पंच्यात गुंडाळला आणि सरळ टेक्ला मावशीकडे गेले.

ती अंगणात बसून रूबार्बच्या भाजीच्या दांड्या सोलत होती, आंबट वास सुटला होता. मी काही न सांगता पंचा तिच्या मांडीवर उलगडला. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि गोंड्याच्या रेशमातून एक बोट फिरवलं, जसं झोपलेल्या मुलाच्या केसांतून फिरवावं.

“सुंदर बांधलायस,” ती म्हणाली. “आता ओटमारने काय सांगितलं ते सांग. त्याशिवाय तू एवढ्या घाईने आली नसतीस.”

मी सगळं सांगितलं. सासऱ्यांची बोटंही वगळली नाहीत. ती ऐकत ऐकत सोलत राहिली. गाण्याचं नाव निघालं तेव्हा म्हणाली की ओटमारचा आवाज तेव्हाही बेसूरच होता.

मग मी तिला माझा बेत सांगितला. मी म्हटलं, मावशी, ही गाठ माझी आहे, सोडायला मला पळभर लागेल. उद्या ओळीत हूगो गोंड्याशिवाय बसतील, जसे होते तसे, आणि मी कुणाला त्यांच्याकडे बोट दाखवू देणार नाही. मला मुठी वाचता येतात. ही मूठ पिणाऱ्याची नाही. पिणाऱ्याचा हात खंजिरावर जागा बदलत राहतो. हा हात एकाच जागी राहिला आहे, जन्मभर. एवढं मी सभेत उभी राहून छातीठोक सांगू शकते.

ती थांबली. सुरी टोपल्यात ठेवली. माझ्याकडे तिने असं पाहिलं, जणू मी पहिल्यांदाच तिच्या घरी आले होते.

“अंगठा तिथे का जायचा माहीत आहे तुला?” तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती सांगेल असं वाटलं, पण तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, “गोंडा सोड. पण घरी नेऊ नकोस. उद्या त्याच्या शेजारी ठेव.”

मी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव लोटलं. अंगणात बँड वाजत होता, मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप रटरटत होतं, पोरं जुन्या हातपंपावर लोंबकळत होती आणि नॉर्बर्ट त्यांना खाली उतरा म्हणून सांगता सांगता स्वतःच दांडी हलवून दाखवत होता. मिरवणूक झाली, पाद्रींनी बंबाला आशीर्वाद दिला, आणि लोक सभागृहात आले. हिरव्या कापडावर सहा खंजीर गोंड्यांसह आणि सातवा बोडका. त्याचा गोंडा त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर.

मी ओळीच्या टोकाला उभी होते. दोघा-तिघांनी सातव्याकडे पाहून एकमेकांना कोपरं मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी टोप्या सारख्या केल्या. बाईच्या छंदाचा एवढा तरी उपयोग असतो.

नॉर्बर्टने नावं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला त्या घरातलं कुणीतरी उठून खंजिरामागे उभं राहत होतं. आल्विनच्या नावाला माझा मुलगा आला. त्याची दाहीच्या दाही बोटं मी उगाचच पाहिली. शेवटी नॉर्बर्टने वाचलं, हूगो ब्लुमबाख.

टेक्ला मावशी पहिल्या रांगेतून उठली. निळा रविवारचा कोट, केस घट्ट बांधलेले, हातात काहीच नाही. ती खंजिराच्या मागे गेली नाही. पुढे येऊन उभी राहिली, दलाकडे तोंड करून, जिथे पूर्वी गोंडा गमावलेले लोक उभे राहत. तरुणांना काही कळलं नाही. म्हाताऱ्यांना कळलं. बाकांवरची कुजबुज मागून पुढे विझत आली.

ओटमार उठले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काठी खुर्चीला टेकवून ते तिच्यासमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “कारण सांग, गोंडा घे.”

टेक्ला मावशीने दोन्ही हात कोटाच्या बाजूंना सरळ सोडले. तिचा आवाज शाळेच्या जेवणघरात मागच्या बाकापर्यंत पोचायचा, तोच आवाज होता.

“मी टेक्ला, हूगो ब्लुमबाखची मुलगी. माझे बाबा प्यायलेले नव्हते. थेंबही घेत नसत. ते बहिरे झाले होते. ओढ्याकाठच्या हातोड्याखाली पोरवयापासून उभे होते, कान गेले. बहिऱ्याचं नाव दलातून कापतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून आमच्या दाराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही बोलताना ते तुमच्या ओठांकडे बघायचे, आणि तुम्हाला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकतो. मिरवणुकीत बँड कधी सुरू झाला ते त्यांना खंजिराच्या मुठीवर अंगठा टेकवून कळायचं. ढोल मुठीत उतरायचा.

“आई होती तोवर हॉर्न वाजला की ती त्यांना उठवायची. आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. मी नऊ वर्षांची होते. माझी खाट त्यांच्या खाटेला लावलेली होती आणि झोपताना ते माझा हात हातात घ्यायचे. हॉर्न वाजला की मी हात दाबायचा, एवढंच.

“बेकरीच्या आधीच्या आगीतून बाबा मान आणि पाठ भाजून आले होते. पाठीचं कातडं सदऱ्याला चिकटून निघालं, ते मी पाण्याने सोडवलं. मग बेकरीची रात्र. सकाळी तुम्ही सगळे दारात आलात, आल्विनच्या हाताला रक्ताची फडकी, आणि विचारलंत, कुठे होतास? बाबांनी आधी तुमच्या ओठांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. एकदाच. त्यांना समजलं. ते म्हणाले, मी झोपलो होतो. पुढे मी सांगते म्हटलं की माझ्या तोंडावर हात ठेवायचे. तू लहान आहेस, म्हणायचे, आणि गाव मोठं आहे. ते गेल्यावर मी मोठी होते, आणि तरी गप्प राहिले. हाइड्रून, तुझ्या सासऱ्यांची बोटं माझ्या बाबांनी घालवली नाहीत.

“हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला. मग आमच्या खिडकीखाली वाजला. मी जागी होते. बाबांचा हात माझ्या हातात होता, आणि मी तो दाबला नाही.”